तावदानी काच

खिडकीच्या चौकटीत बसविण्यात येणारी सपाट, पारदर्शक काच. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत तिला फारसे स्थान नव्हते. बाहेरील भिंतीत खिडक्या थोड्या व लहान असत; उजेड मुख्यतः आतील चौकातून येई. गज आणि जाड फळ्यांची दारे हेच खिडकीचे संरक्षण होते. गोव्यात शिंपल्यांची अर्धपारदर्शक तावदाने वापरीत.

तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखाना (१९०८) आणि कराडजवळील ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना (१९१६) यांमुळे महाराष्ट्रात काचधंद्याचा पाया घातला गेला. ओगलेवाडीची ख्याती मात्र प्रभाकर कंदिलामुळे झाली. मोठ्या, सपाट तावदानांचे उत्पादन सुलभ झाले ते इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या प्लवन पद्धतीमुळे. खिडक्या मोठ्या झाल्या, तसा सुरक्षिततेचा प्रश्नही वाढला.

सुरक्षित काचेचे दोन मुख्य प्रकार आहेत. काच सु. ६२० से.पर्यंत तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केल्यास टफन्ड काच मिळते. ती साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत असते. परंतु फुटताच तिचे बोथट कण होऊन खिडकी मोकळी होते. म्हणजे ती इजा टाळते, चोर नव्हे. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली स्तरित काच तडकली, तरी थराला चिकटून राहते. तिचे एकस्व फ्रान्सचे एद्वार बेनेदिक्तुस यांनी १९०९ मध्ये घेतले. नव्या घरासाठी तळमजल्यावर भक्कम चौकटीतील स्तरित काच अधिक इष्ट होय. गज असल्यास आगीच्या वेळी आतून उघडणारी एक तरी खिडकी ठेवणे आवश्यक असते.