हा कागद कुठला? स्थानिक इतिहासाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न सोडवायला ज्या कागदाचा मोठा आधार झाला, तो कुठल्या राजदरबारच्या दप्तरात नव्हता. तो भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी होता. जेधे शकावलीत शके १५४० ते १६१९ या काळातल्या घडामोडी सालवार, एकेका त्रोटक ओळीत टिपल्या आहेत. पहिलीच नोंद औरंगजेबाच्या जन्माची आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. तोवर बखरींच्या आधाराने महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानत. शकावली सांगत होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारताची पोथी तंजावरात मिळाली. स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये ती प्रसिद्ध केली आणि तिच्यातही हीच तिथी निघाली. राज्य शासनाने ती अधिकृतपणे स्वीकारायला २००१ साल उजाडावे लागले.

या पुस्तकाच्या दारात पाऊल ठेवणाऱ्या वाचकाला ही हकिकत मुद्दाम आधी सांगतो आहे. त्या ओळीला वजन आले, ते ती जुन्या कागदावर होती एवढ्यामुळे नव्हे. कारीचे जेधे हे कान्होजी जेध्यांचे घराणे, स्वराज्याच्या पहिल्या दिवसांपासून महाराजांबरोबर असलेले. कागद त्या घरचा आहे, तो कुठून कसा पुढे आला हे ठाऊक आहे, आणि त्याचा तंजावरच्या पोथीशी काही संबंध नाही. एकमेकांना न ओळखणारे असे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा इतिहासकार ती मानतो. हीच शकावली जुन्या बाजारात, मालकाचे नाव-गाव नसलेल्या गठ्ठ्यात मिळाली असती, तर अक्षर तेच असूनही तिच्यावर वाद घालण्यात आणखी एक पिढी खर्ची पडली असती. कागद कुठला, कोणाच्या घरचा, कोणत्या रुमालात म्हणजे कापडी बासनात, कोणत्या कागदांच्या शेजारी होता, ही माहिती कागदाइतकीच मोलाची आहे. आणि ती टिपण्याचे काम त्या गावातले, त्या तालुक्यातले मंडळच करू शकते. या क्षेत्राबद्दल मला जे सांगायचे आहे, त्याचा गाभा एवढाच.

महाराष्ट्रात हे काम उभे राहिले ते हौशी माणसांच्या जिवावर. १८७८ साली साने, मोडक आणि शाळिग्राम यांच्या ‘काव्येतिहास-संग्रहा’ने बखरी आणि पत्रे छापायला सुरुवात केली. पेशवे दप्तर तेव्हा सरकारच्या ताब्यात होते आणि खासगी संशोधकाला ते सहजासहजी पाहायला मिळत नसे. म्हणून अभ्यासक वळले वाड्यांकडे, मठांकडे, देशमुख-देशपांडे-कुलकर्ण्यांच्या माळ्यांकडे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे नकलून घेत. त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून निघू लागला. दुसऱ्याच वर्षी वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. वाईत मिळालेल्या पत्रांनी पानिपतापर्यंतचे दशक त्यात पहिल्यांदा लिहिणाऱ्यांच्याच शब्दांत बोलू लागले. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. कोणी एखादे पत्र, कोणी नाणे, कोणी ताम्रपट आणायचा, सभेपुढे वाचायचा, मग त्यावर खडाजंगी व्हायची आणि सगळे इतिवृत्तात छापून यायचे, अशी त्या मंडळाची रीत पडली. महाराष्ट्रातल्या पुढच्या बहुतेक मंडळांनी तीच उचलली. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांचा संग्रह विखुरला जाऊ नये म्हणून धुळेकरांनी १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्याच गावी शंकरराव देवांनी मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करून समर्थ वाग्देवता मंदिर वसवले. एका जिल्ह्याच्या गावात अशा दोन संस्था असाव्यात, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

राजवाड्यांबद्दल नव्या वाचकाला एक इशारा द्यायला हवा. कागद मिळवणारे, नकलणारे, छापणारे राजवाडे वेगळे, आणि त्या कागदांवरून समाजाबद्दल, वंशांबद्दल, जातींबद्दल ठाम सिद्धांत मांडणारे राजवाडे वेगळे. पहिल्यांचे ऋण फिटणार नाही. दुसऱ्यांचे बरेचसे निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवले, आणि ते योग्यच झाले. पण त्यांनी साधने मुळाबरहुकूम छापली होती, म्हणूनच त्यांचे निष्कर्ष तपासता आले.

आता एक कागद जवळून पाहू. समजा, रुमाल सोडला आणि वर अठराव्या शतकातले मोडी पत्र आले. लांबट पट्टी, हातकागद, काजळाची शाई. लिहिणाऱ्याने आधी आडव्या रेघा ओढल्या आहेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघांना टांगत नेली आहेत. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही. सुरुवातीला मायना असतो. तो वाचताच लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो यांच्यातला मानाचा फरक कळतो: आशीर्वाद आहे की नमस्कार, ‘राजमान्य राजश्री’ आहे की ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’. तारीख मात्र नवख्याला गोंधळात टाकते. ‘छ’ या अक्षरापुढे चांद्र महिन्याचा दिवस, मग मुसलमानी महिन्याचे नाव, आणि साल आकड्यांत न लिहिता अरबी संख्यानामांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: सुहूर सन ११६१. मृगाच्या सुमारास हे साल पालटते. त्यामुळे त्यात ५९९ मिळवले की १७६० चा उत्तरार्ध आणि ६०० मिळवले की १७६१ चा पूर्वार्ध मिळतो. म्हणजे हे पानिपताचे साल. नेमका दिवस जंत्रीत पाहून काढायचा. एवढ्यावर थांबू नये, कागद उलटावा. मागे बारीक अक्षरात ‘पै॥’ असे काही असेल तर ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याच्या आणि पोचल्याच्या तारखांमधले अंतर मोजले की बातमी किती दिवसांनी कळली हे समजते. एखाद्या सरदाराने अमुक निर्णय उशिरा का घेतला, याचे उत्तर पुष्कळदा पत्राच्या पाठीवर असते. छापताना पाठ गाळणारा संपादक हे उत्तरच गाळतो.

असा कागद हाती आल्यावर पहिल्या तासात जे होते, त्यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. उत्साही कार्यकर्ता गठ्ठा सोडतो, ‘महत्त्वाची’ पत्रे वेगळी काढतो, शिक्के असलेली एकीकडे, हिशेबाचे कागद दुसरीकडे ठेवतो. हे कृपा करून करू नये. ज्या क्रमाने कागद बांधले होते, तो क्रमही पुरावाच असतो. वतनाच्या भांडणातल्या महजराला, म्हणजे सभेच्या निवाडापत्राला, खालचा ताळेबंद लागून असतो, कारण कुणा कारकुनाने तो दाखला म्हणून जोडला होता. दोन्ही वेगळे झाले की महजर अर्धा मुका होतो. आधी रुमालाला क्रमांक, मग आहे त्या क्रमाने प्रत्येक कागदाला क्रमांक, मग फेरिस्त म्हणजे कागदांची यादी, मग छायाचित्रे, पाठीसकट. वाचन त्यानंतर. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे आणि कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेणे, हे दोन उपाय घरोघरी मायेने केले जातात आणि दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. काजळाची शाई उजेडाने फिकट पडत नाही, पाण्याने मात्र फुटते. म्हणून कसर आणि वाळवी यांच्याइतकेच गळक्या कौलांकडे लक्ष हवे.

इथे एक गोष्ट लोकांना पटवून देणे अवघड जाते. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरचे अडीचशे वर्षांपूर्वीचे पत्र आजही घडी उलगडून वाचता येते. १९३०-४० सालचे वर्तमानपत्र किंवा हस्तपत्रक मात्र हातात घेताच त्याचे तुकडे पडतात. लाकडाच्या लगद्याच्या यंत्रकागदातले आम्ल त्याला आतून खाते. म्हणजे सर्वांत घाई आहे ती विसाव्या शतकाची. सहकारी सोसायटीची इतिवृत्ते, शाळेची हजेरीपुस्तके, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या वह्या, गिरणी कामगारांच्या संघटनांची पत्रके, तमाशाच्या फडांच्या जाहिराती, तालमींचे हिशेब. हे कोणी ‘ऐतिहासिक’ मानत नाही, म्हणून ते रद्दीत जाते. तुमच्या मंडळाकडे यंदा एकाच कामापुरती माणसे असतील, तर शिवकालीन पत्राच्या शोधाआधी गावातल्या सर्वांत जुन्या सोसायटीचे कपाट उघडून बघा, असे मी आग्रहाने सांगेन.

कागदाला एक मोठी मर्यादा आहे. ज्यांच्याकडे वतन होते, लेखणी होती, त्यांचेच कागद उरले. बाकीचा समाज त्या कागदांत करदाता, वेठीचा माणूस किंवा आरोपी म्हणूनच दिसतो. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी खेडोपाडी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. गाणारीचे नाव, तिचे गाव, तिचा तालुका यांसह तो नोंदला गेला, आणि म्हणूनच त्याला मी इतिहासाचे साधन म्हणतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्यातले पुष्कळसे त्या स्त्रियांच्या आठवणींखेरीज कुठेच नव्हते. दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांच्या वंशावळी, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, धरणाखाली गेलेल्या गावांची शिवारे सांगणारी म्हातारी माणसे यांच्याकडेही याच नजरेने जायला हवे. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. पण त्या देवळाभोवती कोणाची घरे होती, कोणती आळी कुठे होती, हे सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

गावाबाहेरच्या दगडांचेही तसेच. वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ यांना शेंदूर लागतो, रंग लागतो, रस्तारुंदीत ते उचलले जातात. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा. तोही असाच गावात रस्त्याकडेला होता. शेंदूर खरवडून ठसा घ्यायचा मोह होतो. त्याआधी पूजा कोण करते हे विचारावे, त्या माणसाला बरोबर घ्यावे. दगड ज्यांचा आहे त्यांना वगळून केलेले जतन टिकत नाही. दगड हलवायची वेळ आलीच तर मूळ जागेचे अक्षांश-रेखांश, तोंड कोणत्या दिशेला होते आणि शेजारी काय होते हे लिहून ठेवावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपुढच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपुढची महत्त्वाची हस्तलिखिते संरक्षित मानली आहेत. हा कायदा मंडळाच्या प्रत्येक सभासदाने एकदा तरी वाचलेला असावा.

गावात काम करताना सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो अभिमानाचा. घरची परंपरा सांगते की मूळपुरुष अमुक लढाईत होता, आणि घरचाच कागद सांगतो की तो त्या साली दुसरीकडे वतनाच्या तंट्यात अडकला होता. अशा वेळी परंपरा परंपरा म्हणून लिहावी, कागद कागद म्हणून छापावा, आणि घरच्या माणसांना छापण्याआधी दोन्ही वाचून दाखवावे. माझा अनुभव असा की बहुतेक घरे हे समजून घेतात. मूळपुरुषाची सही पाहिल्यावर त्यांना लढाईपेक्षा तिचेच अप्रूप वाटते.

मराठी कागद महाराष्ट्रापुरता नाही, हेही ध्यानात असावे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडीचे प्रचंड भांडार आहे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा इतिहास मराठीत आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास इथल्या मराठी घरांमध्ये पेट्या आहेत. तुमच्या गावच्या पत्राचे उत्तर कदाचित तिकडे पडून असेल. म्हणून प्रत्येक मंडळाची फेरिस्त छापली जाणे, निदान इतरांना पाहायला मिळणे, आवश्यक आहे. संग्रह कुलुपात ठेवून पहिला शोधनिबंध आपणच लिहू, ही वृत्ती आपल्या संस्थांत फार बोकाळली आणि तिने फार नुकसान केले.

या पुस्तकाची रचना करताना मोडी बाराखडी तिसऱ्या प्रकरणात ठेवली आहे, याचे काहींना नवल वाटेल. पहिले प्रकरण नोंदवहीचे आहे: तारीख, गाव, घर, देणाऱ्याचे नाव, कागद दिला की फक्त दाखवला, छायाचित्राची परवानगी, आणि मूळ परत केल्याची सही. दुसरे प्रकरण मुलाखतीचे आहे. मोडी शिकायला काही महिने लागतात. नोंदवही आज संध्याकाळी सुरू करता येते. ज्याला मोडीचे एक अक्षर येत नाही अशा शाळकरी मुलालाही ती नीट भरता येते, आणि मंडळाला त्याचीच गरज आधी आहे. वहीत एक रकाना मुद्दाम रुंद ठेवला आहे. कागद दाखवताना घरच्या माणसाने जे सांगितले, ते त्याच्याच बोलीत, न सुधारता, तिथे लिहावे.