'हॅव'चं काय करायचं?

परवा ऑफिसात एका ज्युनिअर मुलाने क्लायंटला मेल टाकला, 'आय हॅव फिक्स्ड द बग यस्टरडे.' मॅनेजरने सगळ्यांदेखत चूक काढली, बिचाऱ्याचा चेहरा पडला. चहाला गेल्यावर म्हणाला, "पण यात चूक काय? 'मी कालच बग फिक्स केलाय' असं म्हणतोच की आपण!"

खरं सांगतो, मलाही उत्तर येत नव्हतं. शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ केला, 'का' ते कुणी सांगितलंच नाही. मग अख्खा वीकएंड त्यात गेला.

पहिला धक्का म्हणजे, क्रियापदाचं रूप बदलून होणारे काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही तेवढेच होते. भविष्याचं काम बहुतेकदा वर्तमानावरच भागायचं. बाकीचे सगळे नंतर मारलेले पॅच! 'विल' म्हणजे मुळात इच्छा असणे, 'शॅल' म्हणजे देणं लागणे. मग हा तक्ता आला कुठून? जुन्या व्याकरणकारांपुढे नमुना होता लॅटिनचा, आणि लॅटिनमध्ये काळ सहा. लिंडली मरेच्या १७९५ सालच्या गाजलेल्या व्याकरणात इंग्रजीलाही सहाच काळ दिलेत. आपल्या तक्त्यात तीन काळ गुणिले चार रूपं, झाले बारा.

आता 'हॅव'. 'आय हॅव रिटन द लेटर'चा मूळ अर्थ होता 'माझ्याकडे पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे'. आपलं 'लिहून ठेवलंय' याच्या जवळचं. म्हणजे वाक्य दिसतं भूतकाळाचं, पण 'हॅव' अजून आजच उभा आहे. त्याला 'यस्टरडे' जोडलं की एक शब्द आजकडे ओढतो, दुसरा कालकडे. गंमत म्हणजे जर्मन आणि फ्रेंचमध्ये हीच रचना पुढे सरकत बोलण्यातला साधा भूतकाळ झाली. तिथे 'काल' बिनधास्त चालतं. आमच्या मुलाचं वाक्य शब्दशः जर्मनमध्ये केलं तर एकदम बरोबर! इंग्रजी मात्र मध्येच थांबली.

आणि नियम काही दगडावरची रेघ नाहीत. हॅम्लेट पुस्तक वाचत असताना पोलोनियस त्याला काय वाचतोयस ते साध्या वर्तमानकाळात विचारतो. आज तिथे '-इंग' हवंच. 'द हाऊस इज बीइंग बिल्ट' ही रचना तर अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागली. त्याआधी 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणत! रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन लेखकाने १८७० मध्येही 'इज बीइंग'वर सडकून टीका केली होती. आज आपण रोज लिहितो, 'द इश्यू इज बीइंग फिक्स्ड'. कुणाची भुवईही उंचावत नाही.

सोमवारी त्या मुलाला एवढंच सांगितलं. यस्टरडे, लास्ट वीक, २००५ असा संपलेला वेळ वाक्यात असेल तर साधा भूतकाळ, 'आय फिक्स्ड द बग यस्टरडे'. 'आता बग नाहीये' हे सांगायचं असेल तर 'आय हॅव फिक्स्ड द बग', आणि वेळ लिहायची नाही.

तो म्हणाला, "हे शाळेत का नाही सांगितलं?"

मी काय बोलणार! चूक सुधारायलाच हवी, पण तिची लाज वाटायचं काही कारण नाही. जर्मनीत जन्मला असता तर चूक ठरलीच नसती. असो.