तबकडीचा वेग आणि ऐकलेला शब्द

मराठीत 'ध्वनिमुद्रिका' हा शब्द लेखनात रूढ झाला. बोलण्यात मात्र 'तबकडी'च राहिली. मूळ अरबी 'तबक' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि त्यास '-डी' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला. तबकडी गेल्यावरही आपण गाणे 'लावतो'च. (हे क्रियापद केवळ तबकडीमुळे आले असे नव्हे, आपण दिवाही लावतो.)

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास आरंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. फ्रेड गैसबर्ग ह्या तंत्रज्ञाने गौहरजान हिचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच ती इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारते. ह्या तबकड्या छापावयास जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, आणि तेथील कामगारांस गायिका ओळखता यावी म्हणून ही घोषणा, असे सामान्यतः सांगतात. संगीताच्या अभ्यासकास ती गंमत वाटते. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्या तीन मिनिटांतील तेवढेच खरे बोलणे होय. बाकीच्या स्वरांची लांबी ताल ठरवितो, भाषा नव्हे.

ह्या साधनावर विसंबताना दोन अडचणी लक्षात घ्यावयास हव्यात. १९२५ पूर्वीचे मुद्रण विजेवाचून, कर्ण्यासमोर गाऊन होत असे. त्यात उच्च कंपनसंख्येचे ध्वनी फारसे उतरतच नाहीत. 'स' आणि 'श' यांचा भेद बव्हंशी तेथेच असतो. 'चमचा'तील दंततालव्य 'च'चीही तीच गत. तेव्हा अशा तबकडीवरून ह्या वर्णांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

दुसरी अडचण वेगाची. ७८ फेरे हा प्रमाण वेग पुढे स्थिरावला. आरंभीच्या तबकड्या मिनिटास सुमारे ७० ते ८२ अशा निरनिराळ्या वेगांनी मुद्रित झाल्या आहेत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ ने फिरविली तर तीन मिनिटांचे गाणे नऊ सेकंद आधी संपते आणि स्वर जवळजवळ अर्धस्वराने चढतो: काळी चारमधील गायक पांढरी सहाच्या आसपास जातो. स्वरवर्णांचे अनुनादही त्याच प्रमाणात वर सरकतात. मग 'त्या काळचे गायक फार उंच गात' असा सिद्धांत उभा राहतो आणि पुस्तकांत शिरतो.

गतवर्षी एका स्नेह्यांच्या घरी जुन्या नाट्यपदाची लाखेची तबकडी ऐकण्याचा योग आला. (लाख, दगडाची भुकटी व काजळी यांचे ते मिश्रण, १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले.) स्नेह्यांच्या यंत्रास वेग बदलण्याची सोय होती. साथीची पेटी कोणत्या पट्टीत बसते ते तंबोऱ्याशी ताडून पाहत आम्ही तेच पद अकरा वेळा लावले. पेटी तेव्हा कोणत्या माननादाला लावली होती हे ठाऊक नसल्याने हा पुरावा निर्णायक नव्हे, हे कबूल. परंतु संगणकावर कानामागून जाणारे गाणे अकरा वेळा सलग, उठून, सुई उचलून, पुन्हा ठेवून ऐकणे ही गोष्ट मी विद्यार्थिदशेनंतर प्रथमच करीत होतो, आणि ती कंटाळवाणी झाली नाही हे नमूद करावेसे वाटते. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले, त्याचे आश्चर्य मला त्या दिवसापासून वाटेनासे झाले.

७४ च्या आसपास पेटी बसली. पद संपल्यावर गायकाने आपले नाव सांगितले. ७८ वर ते नाव घाईने, चिरक्या आवाजात उच्चारलेले वाटत होते. आता एक मध्यमवयीन मनुष्य, शेवटचा स्वर किंचित लांबवून, सावकाश बोलत होता. नावाआधी तो हलकेच खाकरतो. हेच पद आंतरजालावर 'स्वच्छ' करून ठेवलेले आहे, तेही मी पुढे ऐकले. तेथे ते खाकरणे खरखर समजून पुसून टाकलेले आहे, आणि त्याच्यासह नावाचे पहिले अक्षरही गेले आहे.