हे लिहिलं कोणी?

मीरा रोड स्टेशनवरून रिक्षाने हाटकेशला उतरलं की औद्योगिक गाळ्यांची रांग लागते. २००६ साली बी.फार्म. झाल्यावर मी नोकरीला लागले, ती अशाच एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पत्र्याचे सुटे भाग कापणारी प्रेस दिवसभर धडधडायची. वर आम्ही पंधरा-वीस जण कॉम्प्युटरसमोर बसून वैद्यकीय लेख लिहायचो. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" मी सांगायचे, "डॉक्टरांसाठी लिहिते." खरं उत्तर वेगळं होतं. मी डॉक्टरांच्या नावाने लिहीत होते.

हा धंदा आपल्याकडे आला कसा, ते थोडं सांगायला हवं. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांना उत्पादन पेटंट मिळू लागलं आणि त्याच महिन्यात औषध-चाचण्यांचे नियमही बदलले. परदेशी कंपन्यांच्या चाचण्या इकडे वाढल्या. चाचणी झाली की तिचा अहवाल लागतो, नियतकालिकासाठी लेख लागतो, डॉक्टरांच्या परिषदेसाठी स्लाइड्स लागतात. विज्ञान शिकलेली, इंग्रजी लिहू शकणारी आणि कमी पगारात काम करणारी मुलं मुंबईच्या उपनगरांत भरपूर होती. काम आमच्याकडे आलं.

शिस्त कडक होती. दर पंधरा मिनिटांचा हिशेब टाइमशीटवर भरायचा. लेखातल्या प्रत्येक दाव्यासाठी मूळ शोधनिबंधातली ओळ पिवळ्या रंगाने रंगवून जोडायची. मग दुसरा माणूस ती तपासायचा आणि दशांशचिन्ह चुकलं तरी ते तुमच्या नावावर लागायचं. ही सवय मला आयुष्यभर उपयोगी पडली, हे कबूल करते. पण त्या व्यवस्थेत एक विचित्र गोष्ट होती. चूक कोणाची, हे नोंदवायला रकाना होता. हरकत कोणाची, हे नोंदवायला नव्हता.

२००७ च्या हिवाळ्यातली गोष्ट. एका वेदनाशामकावरचा लेख माझ्याकडे होता. सूज आणि रक्तदाब वाढण्याबद्दलची दोन वाक्यं मी गोषवाऱ्यात घेतली होती. नववी आवृत्ती परत आली, तेव्हा ती वाक्यं तिथून काढून आतल्या तक्त्यात टाकायची सूचना होती. खोटं काहीच लिहायचं नव्हतं, फक्त जागा बदलायची होती. पण घाईतला डॉक्टर गोषवारा वाचतो, तक्ता नाही. मी वरिष्ठांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "आपण लेखक नाही, आपण हात आहोत. रात्री आठपर्यंत पाठव." मी पाठवला. साडेआठची गाडी पकडून घरी गेले. लेख छापून आला, त्यावर तीन डॉक्टरांची नावं होती. माझं नव्हतं, आणि त्याचं तेव्हा मला बरंच वाटलं.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २००८ मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. व्हायॉक्स हे वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं होतं. त्या खटल्यांतल्या कागदपत्रांवरून दिसलं, की त्याच्यावरचे काही लेख आधी भाड्याच्या लेखकांनी तयार केले आणि नंतर नामवंत प्राध्यापकांची नावं वर चढली. २००९ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन औषधांबद्दलही तेच उघड झालं. असे २६ लेख निघाले. ऑफिसात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण बातमी सगळ्यांनी वाचली होती.

मला तेव्हा परळचा जुना प्रसंग आठवला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९०२ मध्ये, पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ती लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पण १९ ही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती, आणि त्या बाटलीवर नंबर होता, ५३ एन. म्हणून माग काढता आला. बूच उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे आलं. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. नंबर नसता, तर ना दोष शोधता आला असता, ना निर्दोषपण.

आमच्या लेखांना असा नंबर नव्हता. तो हळूहळू आला. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ मध्ये लेखकपणाच्या अटींत चौथी अट घातली. ज्याचं नाव, त्याने संपूर्ण लेखाचा जाब द्यायचा. लिहिण्यात कोणी मदत केली आणि पैसे कोणी दिले, हे लेखाखाली छापायची पद्धत रूढ झाली. माझं नाव प्रथम छापून आलं ते अशाच बारीक अक्षरांत. आईने चष्मा लावून ते शोधलं आणि म्हणाली, "एवढंसंच?" मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा थोडी भीती वाटली. आता विचारणारा मला विचारू शकत होता.

पुढे गटप्रमुख झाल्यावर मी एकच बदल केला. प्रत्येक मसुद्यासोबत 'हरकत' नावाचा रकाना ठेवला. ज्याला एखादी ओळ पटत नाही, त्याने तिथे सहीनिशी लिहायचं आणि उत्तर दिल्याशिवाय ते कोणी पुसायचं नाही. सुरुवातीला महिनोन्‌महिने तो कोराच राहिला. मग एका नव्या मुलीने लिहिलं, "चक्कर येण्याचा उल्लेख गोषवाऱ्यात नाही." मी ग्राहकाला फोन केला. तो चिडला. दोन दिवसांनी ती ओळ आत आली. काम गेलं नाही.

आता पहिला मसुदा यंत्र लिहून देतं. त्याच संपादक समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, कारण ते जाब देऊ शकत नाही. हे वाचलं आणि मला २००७ ची ती संध्याकाळ आठवली. नुसता हात म्हणून काम करायला आता माणूस लागत नाही. माणूस लागतो, तो हरकत घ्यायला.

त्या गाळ्यातल्या प्रेसवर एक वयस्क कारागीर होते. प्रत्येक खेप बाहेर जाण्याआधी ते एका तुकड्यावर हातोडीने लॉट नंबर ठोकायचे. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी विचारलं, "काका, हे कशासाठी?" ते म्हणाले, "उद्या परत आला तर कळायला नको, कोणी केला?" वरच्या मजल्यावर हेच शिकायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)