न्यूरोसर्जरी सहायक
न्यूरोसर्जरी सहायक म्हणजे मेंदू व मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणारी व्यक्ती. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. महाराष्ट्रात हे काम बहुधा परिचारिका, कंपाउंडर व स्वागतिका यांच्यात वाटलेले आढळते. भारतातील न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे सुरू केला.

रुग्णाचा पूर्वेतिहास टिपणे आणि स्कॅनच्या फिल्म तारीखवार लावणे ही कामे नित्याची होत. खरी कसोटी लागते ती रुग्णाच्या शुद्धीची पातळी ओळखताना. त्यासाठी टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर अवस्था. गुण उतरू लागल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे लागते.

पालघर जिल्ह्यातील केळवे यांसारख्या गावातून मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचे तर आधी केळवे रोड स्थानक गाठून रेल्वेने दूरचा प्रवास करावा लागतो. त्यामुळे डोक्याला मार लागलेल्या माणसाचे नातेवाईक पुष्कळदा आधी दूरध्वनी करतात. 'सारखी झोप येते, उलट्या होतात' हे शब्द साधे वाटले, तरी ते मेंदूतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकतात. निदान करणे हा सहायकाचा अधिकार नव्हे. परंतु अशा वेळी पुढच्या आठवड्याची वेळ न देता निरोप डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे आणि रुग्णाला जवळच्या रुग्णालयात त्वरित नेण्यास सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.