दर्या, दऱ्या आणि वाचकाची सूचना

श्रोतेहो, डहाणूच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला सह्याद्रीकडे चढू लागले की दऱ्या आहेत. बोलताना या दोन शब्दांचा घोटाळा कोणीच करीत नाही. लिहिताना मात्र सारा भेद एका लहानशा रकारावर येऊन ठेपतो. पहिल्या शब्दात तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो पुढच्या अक्षराच्या पोटाशी आडवा चिकटतो. तेवढे चुकले तर आचार्यांना करावयाचा नमस्कार आचाऱ्यांना जाऊन पोहोचतो! शाळेत मुलाने अशी चूक केली तर गुरुजी ती लाल शाईने सुधारतात. पण चूक यंत्राने केली तर ती कोणी सुधारायची? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

ज्या यंत्राविषयी बोलावयाचे ते पुष्कळांच्या खिशातच आहे. मोबाईलवर सातबाराचा उतारा पाहताना, बालभारतीचे पुस्तक उघडताना किंवा बाजारभाव वाचताना आपण जी खिडकी उघडतो तिला ब्राउझर म्हणतात. इंग्रजीत हे नाव मुळात चरणाऱ्या जनावरावरून आलेले आहे. शेळी जशी एका झुडपाचा पाला खुडते, दोन पावले टाकते, दुसऱ्या झुडपाला तोंड लावते, तसे वाचकाने या पानावरून त्या पानावर जावे, असा त्यातला भाव. आता शेळीला कोणते झुडूप आवडते हे शेळीच जाणते, झुडपाच्या मालकाला ते ठाऊक नसते. ब्राउझरचा सारा इतिहास या एका गोष्टीत आला, असे म्हटले तरी चालेल.

हा इतिहास फार जुना नाही. १९८९ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज तंत्रज्ञाने एक टिपण लिहिले. संस्थेतील माहिती निरनिराळ्या यंत्रांत विखुरलेली होती. ती एकमेकींना दुव्यांनी जोडावी, एवढाच त्याचा हेतू. १९९० च्या अखेरीस त्याने पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पान वाचता येई आणि लिहिताही येई. पण तो नेक्स्ट नावाच्या एकाच जातीच्या महागड्या संगणकावर चाले. इतरांनी काय करावे? ही अडचण ओळखून निकोला पेलो या विद्यार्थिनीने कोणत्याही साध्या यंत्रावर चालेल असा ब्राउझर लिहिला. त्यात ना चित्र, ना रंग, नुसत्या अक्षरांच्या ओळी. पण तो सर्वांना वापरता आला. वापरणाऱ्याची गरज पाहून खिडकी बदलली, ती ही अशी आरंभापासूनच.

पुढे १९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संस्थेत मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना या दोघांनी मोझॅक नावाचा ब्राउझर काढला. लेखाच्या मध्येच चित्र दिसावे, ही सूचना अँड्रीसनने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इतर जाणकारांपुढे लेखी मांडली. काहींना ती पटली नाही. चित्र वेगळ्या रीतीने द्यावे असे त्यांचे म्हणणे पडले. अँड्रीसनने आपल्या रीतीने ते घातले, आणि तीच रीत आजपर्यंत टिकली. वापरणाऱ्यांची पत्रे येत, तो उत्तरे देई, दोष दुरुस्त करी. आपल्याकडे 'आपली आवड' कार्यक्रमात श्रोत्यांच्या पत्रांवरून गाणी लागत, तशातलाच हा प्रकार समजा.

पण बनविणाऱ्याच्या मनात येईल ते सारेच वाचकाला रुचते असे नाही. नेटस्केप नावाच्या ब्राउझरात शब्द उघडझाप करीत राहण्याची एक सोय होती. तिची कल्पना म्हणे गप्पांच्या ओघात थट्टेतून निघाली. वाचकांच्या डोळ्यांना मात्र तो ताप झाला, आणि शेवटी २०१३ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरनेही ती काढून टाकली. याहून मोठा ताप म्हणजे न बोलावता समोर येऊन उभ्या राहणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या. ती युक्ती ज्याने लिहिली त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ साली जाहीर क्षमा मागितली. परंतु त्याच्या कितीतरी आधी वाचकांच्या संतापाने काम केले होते. छोट्या ब्राउझरांनी अशा खिडक्या अडविण्याची सोय दिली, वाचक तिकडे वळू लागले, आणि २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टलाही आपल्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ती सोय घालावी लागली. एकाच खिडकीत अनेक पाने उघडून ठेवण्याची सोय, जिला टॅब म्हणतात, तिचीही हीच कथा. छोट्यांनी ती आधी दिली, लोकांना ती आवडली, आणि एक्स्प्लोररमध्ये ती २००६ साली आली.

सूचनेला मान देण्याची एक पद्धतशीर वहीही याच काळात तयार झाली. १९९८ च्या मार्चअखेर नेटस्केपने आपल्या ब्राउझरची मूळ लिखावट सर्वांसाठी खुली केली आणि मोझिला हा प्रकल्प सुरू झाला. त्यात बगझिला नावाची तक्रारवही ठेवण्यात आली. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, ती कोणालाही वाचता येते, तिच्यावर कोणी काय केले हेही तेथेच नोंदले जाते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात अर्जाचे पुढे काय झाले हे विचारायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वहीचे मोल निराळे सांगावयास नको. याच प्रकल्पातून ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रात तिची दोन पानी जाहिरात आली. ती वर्गणी काढून दिलेली होती, आणि वर्गणीदारांची सुमारे १०,००० नावे तीत बारीक अक्षरांत छापली होती. आपला ब्राउझर आपला आहे, असे त्या माणसांना वाटत होते, त्याची ही खूण.

आता तुम्ही म्हणाल, ही सारी साहेबांच्या देशातली हकिकत झाली. आमच्या रकाराचे काय? तिकडेच येतो.

आपल्या लिपीला यंत्राची गाठ पडली ती फार पूर्वी. १८०५ साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले, त्यात देवनागरी खिळे वापरले होते. इंग्रजीला थोडे खिळे पुरतात. आपल्याला मात्र जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या धरून शेकड्यांनी लागतात. पुढे टाइपरायटर आला. त्याच्या कळा चाळीस-पंचेचाळीस, एका कळीवर दोन खुणा, म्हणजे सगळ्या मिळून नव्वदीच्या आसपास. यंत्रात लिपी मावेना! तेव्हा विद्वान मंडळींनी सल्ला दिला की लिपीच आटोपशीर करावी. इ, ई, उ, ऊ ही अक्षरे टाकून अ ला वेलांटी-उकार लावावेत, असे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सुचविले. १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिपरिषदेत ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे लिहावा असे ठरले. हेतू चांगला होता, छपाई सोपी व्हावी हाच. पण वाचणाऱ्या लोकांना ते पचले नाही आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या काळी प्रश्न असा विचारला जाई की यंत्रासाठी लिपीने काय सोडावे?

ब्राउझरच्या काळात हा प्रश्न उलटला. अर्थात एका दिवसात नव्हे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. मराठी वृत्तपत्रे त्यावर आली, पण प्रत्येकाचा टंक वेगळा. तो आपल्या यंत्रात नसला की मराठीच्या जागी अगम्य इंग्रजी खुणांचा कचरा दिसे. युनिकोड ही सर्व लिप्यांना समान क्रमांक देणारी योजना १९९१ पासून होती आणि तीत देवनागरीही होती. परंतु क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर नीट उमटले असे होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा देवनागरी टंक आला, तेव्हा कोठे नेहमीच्या वापरात तिला आधार मिळू लागला. तरीही कित्येक यंत्रांवर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे तुटत. लोकांनी तक्रारी केल्या, तंत्रज्ञांनी दोष शोधले, हळूहळू पान सुधारत गेले.

त्यातले एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. 'ॲल्युमिनियम' या शब्दातले पहिले अक्षर पाहा. हिंदीत ते 'ए' वर चंद्र काढून लिहितात, मराठीत 'अ' वर. युनिकोडमध्ये हिंदीचे रूप आधीपासून होते, मराठीचे नव्हते. कोणी अ लिहून वर चंद्र द्यावयास गेला की कित्येक यंत्रांत चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. जणू यंत्र म्हणे, 'हे अक्षर मला शिकविलेले नाही.' मराठीची ही गरज मांडली गेली आणि एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲ ला स्वतःचे घर मिळाले. लिपीने काही सोडले नाही. यंत्राला शिकावे लागले. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला, त्यात ल आणि श यांची मराठी वळणे प्रमाण धरली. आज पानाच्या लिखावटीत 'ही भाषा मराठी' अशी खूण केलेली असली आणि टंकात सोय असली, तर ब्राउझर हिंदी वळण टाकून मराठी वळण दाखवू शकतो.

मग सारे झाले काय? नाही. आपला आरंभीचा रकारच घ्या. 'दऱ्या' हा शब्द यंत्रात दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण यंत्राच्या हिशेबी ती दोन वेगळी लेखने. त्यामुळे एका रीतीने शोधले असता दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द हाती लागेलच अशी खात्री नाही. वारली बोलीचे पाहा. जगातील भाषांच्या यादीत वारलीला स्वतःचे सांकेतिक अक्षरचिन्ह आहे. पण चिन्ह असणे वेगळे आणि सोय असणे वेगळे. तलासरीच्या पाड्यावरचे पोर आपल्या बोलीत चार ओळी लिहील, तर यंत्राने त्या चुकीची मराठी म्हणून खोडाव्या काय? हा प्रश्न अमेरिकेतल्या तंत्रज्ञाला आपणहून सुचणार नाही. तो वाईट आहे म्हणून नव्हे. त्याला वारली ठाऊक नाही म्हणून.

आणि वापरणाऱ्याकडे पाहून साधन बदलावे, ही गोष्ट डहाणूला कोणी नव्याने शिकवावयास नको. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. माँटेसोरी पद्धतीची साधने खेड्याला परवडेनात, तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांची साधने झाली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना, तर कुरणातच शाळा भरली. त्या मुलांनी काही अर्ज लिहिले नव्हते. त्यांचे न येणे हीच सूचना होती, आणि दोघींनी ती वाचली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव सर्वत्र पोहोचले.

ब्राउझर बनविणारा मात्र आपल्या अंगणात येऊन बसलेला नाही. तेथे आपले न बोलणे त्याला वाचता येत नाही. तो समजतो, सर्व ठीक आहे. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, ही सूचना लिहावयाची कशी तेही सांगतो. बहुतेक ब्राउझरांत 'मदत' किंवा 'अभिप्राय' या नावाखाली जागा असते. तेथे चार गोष्टी लिहाव्या: कोणते पान उघडले, आपण काय केले, काय दिसले, आणि काय दिसावयास हवे होते. ब्राउझरची आवृत्ती लिहावी. पडद्याचे चित्र जोडावे, मात्र त्यात कोणाचा फोन नंबर किंवा सातबारावरचे नाव जात नाही ना, हे आधी पाहावे. एका पत्रात एकच दोष सांगावा. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्याने काही होत नाही. 'दऱ्या लिहिले तर दर्या दिसते' म्हटले की तंत्रज्ञाला धागा सापडतो. इंग्रजी येत नसेल तर वर्गातल्या कोणाची मदत घ्यावी. मोडके इंग्रजीही चालते.

प्रत्येक सूचना मान्य होईलच असे नाही. कोणाला बटणे मोठी हवी असतात, कोणाला ती नकोशी होतात. दोघांनाही एकदम खूश करता येत नाही. कधी कधी उत्तर यायला वर्षे लागतात. तरी नोंद राहते, आणि तोच दोष दहा गावांतून कळविला गेला की त्याचे वजन वाढते. सातवी-आठवीच्या वर्गात एक तास यासाठी द्यावा. मुलांनी फळ्यावर आपल्या बोलीतले दहा शब्द लिहावे, तेच यंत्रात लिहावे, आणि कोठे काय बिघडते ते वहीत उतरवून काढावे. शुद्धलेखनाचा असा तास मुले विसरणार नाहीत, आणि लाल शाईची बाटली या वेळी त्यांच्या हाती असेल.