विजयालक्ष्मीचा खटला आणि वृत्तपत्री मराठी

१८८१ हे साल मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ‘केसरी’च्या जन्माचे साल म्हणून नोंदले गेले आहे. ‘निबंधमाले’चा काळ त्या सुमारास संपत आला होता, आणि मराठी गद्याला आपल्या सामर्थ्याची जाण नुकतीच आली होती. ह्या नव्या गद्याची एक कसोटी त्याच वर्षी झाली. पण तिची आठवण वाङ्मयेतिहासकारांनी फारशी ठेवलेली नाही. मुंबई इलाख्यातील सुरत येथील सत्र न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आणली आणि पुढे सरकारने तीही पाच वर्षांपर्यंत कमी केली.

ह्या खटल्यावर इलाख्यातील पत्रांतून भवति न भवति पुष्कळ झाली. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळून तेव्हा २५ वर्षे झाली होती, तरी व्यवहारात त्या कायद्याचा आश्रय घेणाऱ्या स्त्रिया विरळाच होत्या. सुधारकांनी विजयालक्ष्मीच्या दैवदुर्विलासाचे खापर रूढीवर फोडले. सनातनी पक्षाच्या ‘पुणेवैभव’ पत्राने मात्र मे १८८१ मध्ये निराळाच सूर लावला. एका विधवेच्या गुन्ह्यावरून त्याने सबंध स्त्रीजातीच्या बदलत्या वर्तनाविषयी, तिच्या ढळत्या शीलाविषयी निष्कर्ष काढले. मेलेले अर्भक, फासाच्या दोरीपर्यंत पोचलेली त्याची आई, आणि ह्या दोघांना त्या अवस्थेला आणणारा अज्ञात पुरुष, अशी तीन माणसे त्या प्रकरणात होती. लेखाच्या शेवटास त्यांपैकी एकही उरले नाही. उरला तो केवळ ‘आजकालच्या बायका’ हा विषय. आणि हा विषय असा आहे की, त्यावर लिहिताना कोणत्याही काळच्या मराठी लेखकाची लेखणी अडखळलेली नाही.

येथे भाषेचाच विचार करणे अगत्याचे आहे. कारण अन्यायाला क्षुल्लक करण्याचे काम मतांपेक्षा वाक्यरचना अधिक सफाईने करीत असते. ‘पाय घसरला’, ‘वाकडे पाऊल पडले’, ‘तोंड काळे केले’ हे अशा प्रसंगी रूढ असलेले मराठी वाक्प्रचार पाहावेत. ह्यांतील पाय, पाऊल आणि तोंड ही तिघेही स्त्रीची. घसरण्याला जमीन लागते, काळे करण्याला काजळी लागते. परंतु पुरुष लागत नाही. व्याकरणदृष्ट्या त्याला ह्या वाक्यांत बसण्यास जागाच नाही. पिनल कोडाच्या ३५४ व्या कलमातील अपराधाला मराठीत ‘विनयभंग’ हा शब्द रूढ झाला, त्याचीही कथा अशीच आहे. येथे कोणी हात उगारलेला दिसत नाही. जे काही मोडते ते स्त्रीजवळचेच असते, आणि विनय हा मुळात मोडण्यासारखा होता की नव्हता ही शंका वाचकाच्या मनात तो शब्दच पेरून ठेवतो. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलमाचा क्रमांक ७४ झाला. बातम्यांतील शब्द तोच आहे.

‘पुणेवैभवा’ला उत्तर आले ते पुण्याहून नव्हे आणि मुंबईहूनही नव्हे. ते आले वऱ्हाडातील बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे ह्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील सरकारी कचेरीत मुख्य कारकून होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. ताराबाईंचे शिक्षण घरीच झाले. त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. प्रस्तावनेत बाईंनी आपण मराठ्याच्या घरात अडकून पडलेली एक अजाण बायको असल्याचे सांगून क्षमा मागितली आहे. पुढे जे येते त्यात क्षमायाचनेचा मागमूसही नाही.

ह्या पुस्तकाची गणना समाजसुधारणेच्या वाङ्मयात करण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे वस्तुतः एका वाचकाने केलेले परीक्षण आहे. ताराबाईंनी वृत्तपत्र वाचले, त्यातील एका लेखाचा रोख ओळखला, आणि मग त्याच रोखाचे जे जे त्यांच्या वाचनात आले होते ते सर्व पुढे ओढले. त्यात पुराणे आहेत, भर्तृहरी आहे, रामजी गणोजी ह्यांचे ‘स्त्रीचरित्र’ आहे, आणि ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ ह्या कादंबऱ्या व ‘मनोरमा’ नाटक अशी त्या काळी ताजी असलेली पुस्तकेही आहेत. वृत्तपत्रातील शेरा हा एकटा नसतो, त्याच्या पाठीशी कादंबरी उभी असते, कादंबरीच्या पाठीशी नाटक आणि नाटकाच्या पाठीशी सुभाषित, ही गोष्ट ज्या काळी कोणा मराठी टीकाकाराच्या स्वप्नातही नव्हती, त्या काळी बुलढाण्याच्या ह्या बाईंनी ती पुरावा देऊन मांडली.

पुस्तकाच्या पूर्ण नावातच ‘स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण’ असा प्रश्न आहे. हा ‘साहसी’ शब्द आजच्या वाचकास चकवितो आणि भाषांतरकाराची तर सत्त्वपरीक्षाच पाहतो. आज साहस म्हणजे धाडस, शौर्य. धर्मशास्त्राच्या परिभाषेत ‘साहस’ म्हणजे बळाच्या जोरावर उघड केलेला अपराध. लोकभाषेत त्याचा अर्थ अविचारी, निर्लज्ज धाष्टर्य असा झाला, आणि स्त्रियांच्या स्वभावदोषांच्या यादीत तो शब्द कायमचा जाऊन बसला. भर्तृहरीच्या शृंगारशतकातील एका श्लोकात स्त्रीवर दोषांची जी रास रचलेली आहे, तिच्यात हे साहस आहे, आणि त्याच्या शेजारी अविनयही आहे. ताराबाईंनी त्या राशीतील एकेक दोष उचलून पुरुषापुढे ठेवला: कपट कोण करतो, संशय कोणाला येतो, भरवसा देऊन तोंड कोण फिरवितो. रोज अंगणात निवडटिपण करणाऱ्या बाईच्या हातात सुभाषितांचे सूप दिले तर ती ज्या सराईतपणे ते पाखडील, तसा हा प्रकार आहे. तिची भाषा शिवराळ आहे, पाल्हाळिक आहे, युक्तिवाद मध्येच सोडून फटकारण्याकडे वळणारी आहे. रचनेच्या दृष्टीने हे दोष आहेत हे मान्यच करावे लागेल. परंतु ज्या पुरुषाला वृत्तपत्राच्या वाक्यात जागाच नव्हती, त्याला ‘तुम्ही’ म्हणून समोर उभे करणारी वाक्ये लिहावयाची तर ती चिपळूणकरी वळणाची होणे शक्य नव्हते.

जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यांना ह्या विषयाची माहिती पुस्तकी नव्हती. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, आणि पुढच्या दोन दशकांत तेथे बाळंत होऊन गेलेल्या विधवांचा आकडा त्यांनीच पस्तीस असा दिला आहे. ‘वाकडे पाऊल’ हा वाक्प्रचार ज्यांच्यासाठी वापरला जाई, त्या बायका त्यांच्या घरी आपल्या पायांनी चालत आल्या होत्या. ताराबाईंनी मात्र पुन्हा पुस्तक लिहिले नाही.

त्यानंतरच्या दशकात तीच रीत अधिक मोठ्या पटावर दिसली. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने पत्रे लिहिली. अजाणतेपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदण्यास त्यांनी नकार दिला. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’ने व ‘मराठ्या’ने हा प्रश्न हिंदू धर्मावरील संकटाचा म्हणून लढविला. खटला चालू असतानाच, १८८६ साली, नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणीशिक्षण नाटिका’ आली, आणि शिकलेली, स्वतंत्र बाई रंगभूमीवर हशा मिळवू लागली. न्यायालयात बाईला तुरुंगाची भीती दाखवावी आणि नाट्यगृहात तिला हसावे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच शहरातील सुशिक्षित वर्गाने एकाच मोसमात केल्या. रखमाबाई पुढे विलायतेत वैद्यकी शिकल्या आणि अनेक वर्षे सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात डॉक्टर होत्या. विजयालक्ष्मीला फाशी सुनावणारे न्यायालय त्याच शहरातले. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मरण पावली. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला. त्या वादात पुण्याच्या पत्रांनी जेवढी शाई धर्म, शास्त्र व सरकारचा अधिकार ह्यांवर खर्च केली, तिचा एक थेंबही त्या मुलीच्या वाट्याला आला असेल तर तो शोधूनच काढावा लागेल.

‘स्त्रीपुरुषतुलना’ डॉ. स. गं. मालशे ह्यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेलेले होते. मधली ९३ वर्षे ह्या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला जणू पहिल्यापासून आरंभ करावा लागला. ज्या दशकात ते परत आले त्याच दशकात विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मार्च १९७२ मध्ये, एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७८ मध्ये दोन्ही पोलीस निर्दोष सुटले. मुलीच्या अंगावर इजेच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, ही तेथील कारणमीमांसा होती. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. ते पत्र कायद्याचे असले तरी त्याची रीत ताराबाईंचीच आहे: दुसऱ्याने लिहिलेला मजकूर घ्यावयाचा, आणि त्यातील शब्द कोणाकडे पाहून लिहिले आहेत व कोणाकडे पाठ फिरवून, हे दाखवून द्यावयाचे. १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि पीडितेचे नाव छापण्यास बंदी आली.

परंतु नाव गेले तरी वाक्यरचना राहिली. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेस बसलेल्या एका मुलीला परीक्षाकेंद्रातच जिवंत जाळण्यात आले. अशा हत्यांना मराठी पत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हा शब्दप्रयोग कायमचा चिकटला. रॉकेल, आगकाडी आणि पाळत ह्यांची बेरीज ज्या भाषेत ‘प्रेम’ अशी होते, त्या भाषेच्या कोशकारांनी ह्या अर्थाची नोंद तरी करावयास हवी. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांकरिता स्त्रीविषयक रूढ कल्पनांवर एक पुस्तिका काढली आणि निकालपत्रांत कोणते शब्द टाळावेत ह्याची यादीच दिली. वृत्तपत्रांसाठी तशी यादी करण्याचे काम ‘स्त्रीपुरुषतुलने’तून सहज होऊ शकते.

ही रीत मराठी मुलुखापुरती नाही, हे एका अलीकडच्या उदाहरणावरून दिसेल. ऑगस्ट २०१७ मध्ये चंडीगड येथे मध्यरात्रीच्या सुमारास घरी निघालेल्या एका तरुणीच्या मोटारीचा दोघांनी मोटारीतूनच मैलोगणती पाठलाग केला. मनीमाजऱ्यानजीकच्या हाउसिंग बोर्ड चौकापाशी पोलीस आले आणि ते दोघे पकडले गेले. त्यांतील एक हरियाणातील सत्ताधारी पक्षाच्या तत्कालीन प्रदेशाध्यक्षांचा मुलगा होता. त्यानंतर त्याच पक्षाच्या एका प्रांतिक पदाधिकाऱ्याने जाहीरपणे विचारले, ते ही मुलगी इतक्या रात्री बाहेर का होती, एवढेच. प्रश्न वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून देशभर गेला. देशातल्या कित्येक बायकांनी त्यावर मध्यरात्रीनंतर घराबाहेर काढलेली आपापली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्या तरुणीने घडलेली हकीगत स्वतःच्या नावानिशी आपणच लिहून जाहीर केली, आणि दूरचित्रवाणीवर बोलताना तोंडावर फडके ओढून घेण्यास नकार दिला.